किनाऱ्यावर ओसरलेलं वादळ बीडमध्ये कसं पोहोचतं?

26 सप्टेंबर 2021, रविवारची संध्याकाळ. आंध्र प्रदेशातल्या श्रीकाकुलम जिल्ह्यात, वंशधारा नदीच्या मुखाजवळ कलिंगपट्टणम नावाचं जुनं बंदर आहे. त्याच्या थोडं उत्तरेला ‘गुलाब’ चक्रीवादळ जमिनीवर आलं. वाऱ्याचा वेग ताशी 75 ते 85 किलोमीटर, मधूनच 95 पर्यंतचे झोत. चक्रीवादळांच्या हिशेबात हे तसं किरकोळच. रात्रीपर्यंत वादळाचा जोर ओसरू लागला, सोमवारी त्याचं ‘चक्रीवादळ’ हे बिरुदही गेलं आणि टीव्हीवाल्यांनी आपले कॅमेरे आवरते घेतले.

मंगळवारी, 28 तारखेला, बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरणाचे सगळे म्हणजे 18 दरवाजे उघडावे लागले. सिंदफणेवरच्या माजलगाव धरणाचे 11 दरवाजे उघडले गेले. उस्मानाबाद आणि लातूर जिल्ह्यांत पुरात अडकलेल्या माणसांना बाहेर काढायला हेलिकॉप्टर आणावी लागली. मराठवाड्याच्या वेशीवर, यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळ, दहागावच्या पुलावरून एसटी वाहून गेली आणि त्यात माणसं दगावली.

कलिंगपट्टणम ते बीड हे सरळ रेषेतलं अंतर जवळपास नऊशे किलोमीटर आहे. मधे पूर्व घाट, तेलंगणाचं पठार, गोदावरीचं खोरं. नऊशे किलोमीटर जमीन तुडवून आलेल्या आणि वाटेतच ‘संपलेल्या’ वादळाने बीडची ही अवस्था केली. माझ्या मते आपण चक्रीवादळाची बातमी चुकीच्या ठिकाणी वाचायची थांबवतो. किनाऱ्यावरच्या माणसाचं संकट वारा पडला की उतरणीला लागतं. आतल्या जिल्ह्यांचं बहुतेक वेळा त्यानंतरच सुरू होतं.

हे नीट कळायचं तर आधी वादळाला बळ कुठून मिळतं ते पाहायला हवं.

चक्रीवादळ, हरिकेन, टायफून ही एकाच गोष्टीची वेगवेगळ्या समुद्रांवरची नावं. समुद्राचं पाणी साधारण साडेसव्वीस अंश सेल्सिअसच्या वर तापलेलं असलं आणि ती ऊब नुसत्या पृष्ठभागावर नसून पन्नासएक मीटर खोलपर्यंत असली, की पाण्याची भरपूर वाफ होते. ही ओली, उबदार हवा वर चढते, थंडावते, तिच्यातल्या वाफेचं पुन्हा पाणी होतं. इथेच खरी मेख आहे. वाफेचं पाणी होताना तिने आधी गिळलेली उष्णता परत सुटते. एक लिटर पाण्याच्या वाफेत इतकी उष्णता दडलेली असते, की तेवढ्यात सहा लिटर बर्फगार पाणी उकळीला येईल. ही उष्णता भोवतालच्या हवेला आणखी वर ढकलते, खाली दाब आणखी कमी होतो, चहूबाजूंनी हवा आत धावते, येताना समुद्रावरून आणखी वाफ गोळा करते. पृथ्वी फिरते म्हणून आत धावणारी ही हवा सरळ न येता वळते आणि आपल्या उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गरगरू लागते. वादळ वाढतं ते असं, आपलंच पाऊल पुढच्या पावलाला जोर देत.

पण त्याला एक अट आहे. हा ढगांचा मनोरा बारा-पंधरा किलोमीटर उंच असतो. खालचा वारा एका दिशेला आणि वरचा भलत्याच वेगाने दुसऱ्या दिशेला वाहत असेल, तर मनोरा कलंडतो आणि उष्णता एका जागी साठत नाही. ऐन पावसाळ्यात आपल्याकडे नेमकं हेच होतं. खाली मोसमी पश्चिमी वारे, वर जोरदार पूर्वेचे. म्हणून जून मध्यापासून सप्टेंबरपर्यंत समुद्र तापलेला असूनही मोठी चक्रीवादळं होत नाहीत. त्यांचा हंगाम पावसाळ्याच्या आधी एप्रिल-मे-जून आणि नंतर ऑक्टोबर ते डिसेंबर. ‘गुलाब’ सप्टेंबरात आलं, हेच मुळात विरळ. मोसमी वारे अजून परतले नव्हते, आणि बीडच्या गोष्टीत याला मोठं महत्त्व आहे.

सगळ्या अटी एकदम जमून आल्या तर वादळ दिवसभरात कुठल्या कुठे जातं. चोवीस तासांत वाऱ्याचा वेग ताशी 55 किलोमीटरनी किंवा त्याहून जास्त वाढला, तर हवामानशास्त्रज्ञ त्याला जलद तीव्रता वाढ म्हणतात. याचं अंगावर काटा आणणारं उदाहरण म्हणजे मेक्सिकोच्या प्रशांत किनाऱ्यावरचं ‘ओटिस’. 24 ऑक्टोबर 2023 च्या सकाळी ते साधं वादळ होतं. 25 ला मध्यरात्र उलटताच अकापुल्को शहराजवळ ते आदळलं, तेव्हा वारा ताशी सुमारे 265 किलोमीटर होता, म्हणजे हरिकेनच्या मोजपट्टीतली शेवटची, पाचवी पायरी. अकापुल्कोतली माणसं एक वादळ येणार म्हणून झोपली आणि भलत्याच वादळात जागी झाली.

आपल्याकडेही हे नवं नाही. ओडिशाचं 1999 चं महाचक्रीवादळ किनाऱ्याला भिडेपर्यंत वाढत गेलं, 29 ऑक्टोबरला पारादीपजवळ आदळलं आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. मे 2021 मधलं ‘तौक्ते’ अरबी समुद्रात दोन-तीन दिवसांत अतिशय तीव्र होत महाराष्ट्राच्या किनाऱ्याला समांतर वर सरकलं आणि 17 तारखेला गुजरातला धडकलं. त्यात मुंबई हाय तेलक्षेत्राजवळ ‘पी 305’ हा तराफा बुडून सत्तरहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. त्याच्या आदल्या वर्षी, 3 जून 2020 ला, ‘निसर्ग’ रायगडच्या श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात शिरलं. एक तारखेला ते नुसतं कमी दाबाचं तीव्र क्षेत्र होतं, तिसऱ्या दिवशी ताशी 110 किलोमीटरच्या आसपासचा वारा घेऊन आलं आणि सुपारी-नारळाच्या वाड्या झोपवून गेलं. सुपारीचं झाड पुन्हा लावून उत्पन्नाला यायला काही वर्षं जातात.

किनाऱ्याजवळ वाढणाऱ्या वादळाचा खरा त्रास म्हणजे वेळ उरत नाही. वादळ कुठे जाणार याचा अंदाज आता पुष्कळ बरोबर येतो. 2013 चं ‘फायलिन’ ओडिशात गोपाळपूरजवळ आदळण्याआधी लाखो लोक हलवले गेले आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. वादळ किती वाढणार, हे सांगणं मात्र अजूनही अवघड आहे.

आता जमिनीवर येऊ.

जमिनीवर पाऊल ठेवताच वादळाच्या चुलीचं जळण बंद होतं. खाली तापलेलं पाणी नाही, वाफ नाही. डोंगर, झाडं, घरं वाऱ्याला अडवतात. काही तासांत वारा निम्म्यावर येतो. हवामान खात्याची उतरंड इथे कामाला येते. ताशी 62 किलोमीटरपासून पुढे चक्रीवादळ, त्याखाली 50 ते 61 पर्यंत डीप डिप्रेशन, 31 ते 49 पर्यंत डिप्रेशन, त्याच्याही खाली ठळक कमी दाबाचं क्षेत्र. ही सगळी वर्गवारी वाऱ्याच्या वेगावरून होते. पावसाचा तिच्याशी संबंध नाही. ‘गुलाब’ एकेक पायरी उतरत 28 तारखेला पश्चिम विदर्भ आणि लगतच्या मराठवाड्यावर आलं, तेव्हा ते नावापुरतंही वादळ नव्हतं, फक्त ठळक कमी दाबाचं क्षेत्र होतं. वारा गेला होता. समुद्रावरून उचललेलं पाणी मात्र हवेतच होतं, आणि ते कुठेतरी पडणारच होतं.

त्यात दोन गोष्टींची भर पडली. पहिली जमिनीची. सप्टेंबर अखेरीला तेलंगणा आणि मराठवाड्याची जमीन पावसाने तुडुंब भिजलेली असते, वर उभी पिकं. अशी ओली जमीन आणि पानं दिवसभर वाफ सोडत राहतात. समुद्राइतकी नव्हे, पण मरू घातलेल्या प्रणालीला तग धरायला पुरेशी. कोरड्या उन्हाळी जमिनीवर जे वादळ दिवसभरात विरलं असतं, ते पावसाळी जमिनीवर दोन-तीन दिवस रेंगाळतं. दुसरी गोष्ट मोसमी वाऱ्यांची. ते अजून अरबी समुद्रावरून वाहत होते. म्हणजे पूर्वेकडून आलेल्या या भोवऱ्याला पश्चिमेकडूनही ओली हवा मिळत राहिली.

बंगालच्या उपसागरातून पश्चिमेकडे सरकणाऱ्या अशा पावसाळी प्रणालींचा सगळ्यात जोरदार पाऊस केंद्रावर पडत नाही, तो केंद्राच्या डाव्या हाताला, नैऋत्येला पडतो. मोसमी वारे आणि भोवऱ्याचं अभिसरण तिथे एकमेकांना भिडतात आणि हवा तिथेच सगळ्यात जास्त वर रेटली जाते. केंद्र विदर्भावर असलं की नैऋत्येला कोण येतं, हे नकाशावर बोट ठेवून पाहा: नांदेड, लातूर, उस्मानाबाद म्हणजे आजचं धाराशिव, आणि बीड. शिवाय कलिंगपट्टणम आणि बीड यांच्या अक्षांशांत एका अंशाचाही फरक नाही. आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर आलेली प्रणाली सरळ पश्चिमेला निघाली, की बीड तिच्या वाटेवरच असतं.

खरं तर बीड हा पर्जन्यछायेतला जिल्हा. वर्षाचा सरासरी पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही वेळेवर येईल याची खात्री नाही. दुष्काळ, टँकर, चारा छावण्या आणि दसरा-दिवाळीला साखर कारखान्यांकडे निघालेले ऊसतोड मजुरांचे तांडे, ही जिल्ह्याची ओळख. अशा ठिकाणी पाऊस जास्त झाला तर चांगलंच की, असं मुंबई-पुण्याच्या माणसाला वाटतं. तसं नसतं. बालाघाटच्या डोंगररांगेतून निघणाऱ्या इथल्या बऱ्याच नद्या लांबीने छोट्या आणि अंगाने उथळ आहेत. पाऊस पडला की काही तासांत फुगतात. बिंदुसरा बीड शहरातून वाहते, वर्षातले कित्येक महिने तिच्या पात्रात पाण्यापेक्षा कचराच जास्त दिसतो. पण 23 जुलै 1989 च्या तिच्या पुराची आठवण शहरातल्या जुन्या माणसांकडून अजूनही ऐकायला मिळते.

मांजरेचं उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारं आहे. पाटोदा तालुक्यात उगम पावणारी ही नदी धनेगावला अडवली आहे. धरणाची एकूण साठवण सुमारे 224 दशलक्ष घनमीटर. लातूर शहराची तहान याच धरणावर. 2016 च्या उन्हाळ्यात ते कोरडं पडलं आणि लातूरसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. ‘जलदूत’ नावाची ती गाडी देशभर गाजली. एप्रिलमध्ये पहिली खेप आली तेव्हा दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होतं, नंतर पन्नास वाघिणींची गाडी पंचवीस लाख लिटर आणू लागली. आता 28 सप्टेंबर 2021 चा हिशेब करू. मांजरेच्या 18 दरवाजांतून सोडलेला विसर्ग 70 हजार क्युसेकच्या आसपास होता. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण सव्वाअठ्ठावीस लिटर. म्हणजे धरणातून दर सेकंदाला जवळपास वीस लाख लिटर पाणी बाहेर पडत होतं. पन्नास वाघिणींची अख्खी जलदूत, सव्वा सेकंदात. पाच वर्षांच्या अंतराने, त्याच धरणावर.

हे पाणी पुढे मांजरेतून आणि सिंदफणेतून गोदावरीत गेलं आणि गोदावरीने ते जिथून उचललं होतं त्या बंगालच्या उपसागरात नेऊन ओतलं. बीडमध्ये त्याने मागे ठेवलं ते चिखलात उभं सोयाबीन.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे सोयाबीन काढणीला आलेलं असतं. शेंगा वाळलेल्या, पानं गळलेली. कुणाचं कापून रानातच पडलेलं, कुणी बनीम, म्हणजे गंजी, घालून ठेवलेली. कापसाची पहिली बोंडं फुटत असतात. बरोबर याच आठवड्यात दोन दिवस संततधार लागली तर शेंगेतल्या दाण्याला कोंब फुटतात, बनीम खालून कुजते, फुटलेला कापूस काळा पडतो. महसुली भाषेत एका मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी. हा आकडा कागदावर लहान दिसतो. एका एकरावर 65 मिलिमीटर म्हणजे दोन लाख साठ हजार लिटर पाणी. मराठवाड्याच्या काळ्या मातीतली चिकण ओली झाली की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी खाली मुरायचं जवळपास थांबतं. मग ते एक तर बांध फोडून वरची माती घेऊन जातं, नाही तर तिथेच साचतं. जमीन खरडून गेली तर ते नुकसान एका हंगामाचं नसतं. इंचभर सुपीक माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, पंचनाम्यात तिला मात्र एकच रकाना.

त्या वर्षी 13 ऑक्टोबरला राज्य सरकारने दहा हजार कोटींची मदत जाहीर केली. दर, दोन हेक्टरच्या मर्यादेत, जिरायतीला हेक्टरी दहा हजार, बागायतीला पंधरा हजार, बहुवार्षिक पिकांना पंचवीस हजार रुपये. मदत नको असं कोणी म्हणणार नाही. पण हेक्टरी दहा हजारात सोयाबीनचं बियाणं, खत, फवारणी आणि काढणीची मजुरी यांतलं काय काय भागतं, हे हिशेब करणाऱ्या शेतकऱ्यालाच विचारावं.

‘गुलाब’ची गोष्ट बीडमध्येही संपत नाही. मराठवाडा-विदर्भ धुऊन काढल्यावर ते कमी दाबाचं क्षेत्र 29 तारखेला दक्षिण गुजरात आणि खंबातच्या आखातावर पोहोचलं. 30 सप्टेंबरला ईशान्य अरबी समुद्रावर आलं. पुन्हा खाली तापलेलं पाणी, पुन्हा वाफ. 1 ऑक्टोबरला त्याचं परत चक्रीवादळ झालं आणि कतारने सुचवलेलं ‘शाहीन’ हे नवं नाव त्याला मिळालं. ‘गुलाब’ हे नाव पाकिस्तानने दिलेलं होतं. उत्तर हिंदी महासागराच्या यादीत तेरा देशांची नावं पाळीपाळीने येतात, म्हणून हे योग जुळतात. दुसऱ्या जन्मात ते पहिल्यापेक्षा तीव्र झालं आणि 3 ऑक्टोबरला ओमानच्या उत्तर किनाऱ्यावर अल सुवैकजवळ आदळलं. जिथे वर्षाला शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे रस्त्यांच्या नद्या झाल्या. उपसागरात जन्म, ओमानमध्ये शेवट, आणि दोन्ही नावांच्या मधला बिननावाचा मुक्काम आपल्याकडे.

अरबी समुद्राकडे आता वेगळ्या नजरेने पाहावं लागेल. एकेकाळी तो शांत समजला जायचा, वादळं म्हटलं की उपसागरच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या मेधा देशपांडे, रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 पासूनच्या नोंदी तपासून 2021 मध्ये निष्कर्ष मांडले. 1982 ते 2000 या काळाच्या तुलनेत 2001 ते 2019 मध्ये अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या 52 टक्क्यांनी वाढली, आणि अतितीव्र वादळांची तर 150 टक्क्यांनी. उपसागरात ती थोडी घटली. समुद्र तापला हे त्यामागचं मोठं कारण. हवा एक अंशाने तापली की तिची वाफ धरून ठेवायची ताकद साधारण सात टक्क्यांनी वाढते. किनाऱ्यावरच्या माणसासाठी याचा अर्थ जास्त जोराचा वारा. बीडच्या माणसासाठी याचा अर्थ तेवढ्याच ढगातून जास्त पाऊस, आणि तोही कमी तासांत. सप्टेंबर 2025 मध्ये बीड, धाराशिव, सोलापूरने पुन्हा तेच पाहिलं. तेव्हा तर नाव असलेलं वादळही नव्हतं.

हवामान खात्याचे लाल-नारंगी इशारे जिल्ह्यापर्यंत येतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा कृषी हवामान सल्लाही दर आठवड्याला निघतो. अडचण अशी की इशारा ‘मध्यम ते मुसळधार पाऊस’ अशा भाषेत येतो, आणि ज्या गावात दुष्काळाचीच सवय आहे तिथे ही भाषा कानाला धमकीसारखी वाटत नाही. धरणाचं पाणी सोडताना नदीकाठच्या गावांना दिली जाणारी सूचनाही बऱ्याचदा पाणी निघाल्यावरच पोहोचते. किनाऱ्यावर वादळ निवारे बांधले, माणसं हलवायची रीत बसवली, त्याचं फळ ओडिशाने पाहिलं. आतल्या जिल्ह्यांसाठी तशी रीत अजून बसलेली नाही. ती बसवायला मोठा पैसा लागेल असंही नाही. मांजरा, सिंदफणा, बिंदुसरेच्या काठच्या कोणत्या वस्त्या किती विसर्गाला पाण्यात जातात, याचे नकाशे गावाच्या चावडीवर लावले तरी पुष्कळ.

तोवर शेतकऱ्याने स्वतःपुरतं एवढं करावं. विशाखापट्टणम ते गोपाळपूरच्या पट्ट्यात वादळ किंवा डिप्रेशन जमिनीवर आल्याची बातमी सप्टेंबर-ऑक्टोबरात ऐकली, तर ‘जोर ओसरला’ या वाक्याशी टीव्ही बंद करू नये. पुढच्या छत्तीस ते साठ तासांचा मराठवाड्याचा अंदाज पाहावा. कापलेलं सोयाबीन रानात पसरलेलं असेल तर गोळा करून उंचवट्यावर बनीम घालावी, खाली काड्यांचा थर आणि वर ताडपत्री द्यावी. उभ्या पिकात पाणी साचत असेल तर चर आधीच काढून ठेवावेत. पुढच्या पेरणीत रुंद वरंबा-सरी पद्धत जमली तर पाहावी, जादा पाणी सरीतून निघून जातं. 2025 च्या खरिपापासून राज्यातली पीकविम्याची भरपाई पीककापणी प्रयोगांतल्या उत्पादनावर ठरते. कापून ठेवलेला माल भिजला म्हणून पूर्वी 72 तासांत कळवून दावा करता यायचा, ती सोय आता राहिलेली नाही. बनीम झाकायची ती आपली आपणच, आणि पाऊस यायच्या आदल्या दिवशी.